घरच्या गॅरेजात सेव्हन बांधायची आहे? आधी तपासनिसाची गाडी बांधा

प्रश्न इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलाय. विचारणारे मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. घराला एक गाडी मावेल एवढं गॅरेज आहे आणि हाताने आजवर सायकलचं पंक्चर सोडून काही काढलेलं नाही, हे त्यांनीच प्रांजळपणे लिहिलंय. त्यांना लोटस सेव्हनच्या घाटाची, दोन सीटची उघडी गाडी किट आणून स्वतः जोडायची आहे. जमेल का, वेळ आणि पैसा किती जाईल, रस्त्यावर आणायची परवानगी कशी मिळते, आणि पुढेमागे पुण्याला परतलो तर गाडी बरोबर नेता येईल का, असे चार प्रश्न आहेत.

मी अशा दोन गाड्या बांधल्या, दोन्ही नॉटिंगहॅमजवळच्या आमच्या घरी. पहिली २०१४ च्या शेवटी सुरू केली, २०१६ च्या उन्हाळ्यात ती रस्त्यावर आली. दुसरी कोविडच्या बंदीत. मी धंद्याने मेकॅनिक नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांची लेथची शेड होती, त्यामुळे कानस कशी धरायची आणि बोल्टचे आटे गेले की काय करायचं एवढं लहानपणीच अंगवळणी पडलं होतं. पण खरं सांगतो, त्याचा उपयोग मला वाटला होता त्याच्या निम्माच झाला. त्रास झाला तो भलत्याच ठिकाणी.

जमेल. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की ठेवा: आधी तपासनिसाची गाडी बांधायची, मग तुमची. घरी बांधलेली गाडी ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणायची तर तिला आयव्हीए नावाची तपासणी पास करावी लागते. डीव्हीएसए या सरकारी खात्याचा तपासनीस दिवसातले तीन-चार तास तुमच्या गाडीभोवती घालवतो. त्याला हॉर्सपॉवरशी देणंघेणं नसतं. तो बघतो धारदार कडा, सीटबेल्टचे बोल्ट, ब्रेकची नळी कुठे घासते, मागचा फॉग लाइट ब्रेकच्या दिव्यापासून किती लांब आहे. माझ्या ओळखीत तीन जणांच्या अर्धवट गाड्या ताडपत्रीखाली पडून आहेत. तिघांनीही इंजिन आधी पॉलिश केलं होतं, कार्बन फायबरचे आरसे आधी आणले होते, आणि नियमांची पुस्तिका शेवटी उघडली. उघडल्यावर कळलं की अर्धी गाडी परत खोलावी लागणार. तिथे माणसाचा धीर सुटतो.

ही सोय ब्रिटनमध्येच एवढी रुजली यामागे कराची गंमत आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन १९५७ मध्ये बाजारात आणली. तेव्हा तयार गाडीवर पर्चेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. मग गाडी खोक्यांत भरून विकायची आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायची. कर टाळायचा तर जोडणीची पुस्तिका देता येत नव्हती. म्हणून लोटसने गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका दिली आणि लोकांनी ती शेवटून सुरुवातीकडे वाचली, हा किस्सा इथे प्रत्येक किटवाला एकदा तरी ऐकवतोच. १९७३ मध्ये व्हॅट आला, कराचा फायदा संपला, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. कर गेला पण खोड राहिली. आज सेव्हनच्या घाटाच्या गाड्यांचे किट देणारे बरेच छोटे कारखाने इथे आहेत.

तर आधी किट कुठलं. दोन वाटा आहेत. कॅटरहॅमसारखं किट घेतलं तर सगळे भाग नवे, इंजिन नवं, बोल्ट पिशव्यांत मोजून दिलेले. नवख्या माणसाची गाडी साधारण शंभर तासांत उभी राहते. पैसे मात्र दुसऱ्या वाटेपेक्षा कितीतरी जास्त. दुसरी वाट डोनरची: एक जुनी गाडी घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा), हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), ब्रेक, स्टिअरिंग कॉलम आणि वायरिंग काढून किटवाल्याच्या नव्या चॅसीवर बसवायचं. पूर्वी यासाठी फोर्ड सिएरा चालायची. आता सिएरा मिळत नाही, मिळाली तर तिची किंमत वेगळीच असते, म्हणून माझदा एमएक्स-५. पहिल्या दोन पिढ्या, १९८९ ते २००५ पर्यंतच्या. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी दांडे. आणि मुख्य म्हणजे या गाड्यांच्या दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांवरच्या कमानी गंजून त्या एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीत, नापास होतात, तेव्हाही इंजिन ठणठणीत असतं. आपल्याला पत्रा नकोच आहे. एकच लक्षात ठेवा: अगदी सुरुवातीच्या, १९९१ पर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकावरची पुली ढिली होण्याचा दोष होता. ती वर्षं टाळलेली बरी.

तुम्ही डोनरची वाट धरणार असं गृहीत धरून पुढचं लिहितो.

डोनर चालू स्थितीतली घ्या, आणि घेतल्यावर लगेच खोलू नका. दोन-तीन आठवडे चालवा. तिसरा गिअर करकरतो का, गरम झाल्यावर टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) वाजतात का, डिफरन्शियल ओरडतं का, हे आत्ता कळलं तर वीस मिनिटांची नोंद. गाडी बांधून झाल्यावर कळलं तर चार शनिवार. कागद तुमच्या नावावर करून घ्या आणि जपून ठेवा, ते नंबर प्लेटच्या वेळी लागतील. आणि मग उरलेली गाडी भंगारात देण्याआधी विका. सीट, दारं, बॉनेट, खिडकीच्या मोटरी, सगळ्याला गिऱ्हाईक असतं. हार्डटॉप, म्हणजे काढता येणारं टणक छप्पर, असेल तर लॉटरीच. मी माझी पहिली डोनर साडेसहाशे पौंडांना घेतली आणि उरलेले भाग सातशे वीसला विकले. म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स फुकट आणि वर बायकोला जेवायला नेण्यापुरते पैसे.

गाडी जॅकवर चढवण्याआधी हबचे नट ढिले करा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एमएक्स-५ च्या हबवर २९ मिलिमीटरचा नट असतो, आणि त्याची कॉलर शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. आधी बारीक छिन्नीने ती कॉलर खाचेतून वर काढायची, मग लांब दांड्याचा पाना. गाडी चाकांवर उभी असतानाच, आत कोणीतरी ब्रेक दाबून बसलेलं असताना. मी सगळं खोलून झाल्यावर, हब हातात घेऊन, तो नट काढायला गेलो. शिकंज्यात धरला, शिकंजा टेबलासकट फिरला. शेवटी गल्लीतल्या ट्रक दुरुस्तीवाल्याकडे चारही हब पिशवीत घालून नेले. त्याने एअर गनने चार मिनिटांत काढून दिले, पैसे घेतले नाहीत, पण हसला भरपूर.

खोलताना प्रत्येक भागाचे बोल्ट त्याच्या स्वतःच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, आणि मोबाइलवर फोटो. हे सगळेच सांगतात. मी त्यात एवढीच भर घालतो की फोटोत तुमचा हात किंवा पाना येऊ द्या. वर्षभराने नुसत्या काळ्या लोखंडाचा फोटो बघून वर कुठलं नि खाली कुठलं हे कळत नाही.

गॅरेजची काळजी करू नका. सेव्हनची रुंदी जेमतेम १.६ मीटर, लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास. एका गाडीच्या गॅरेजात ती मावते आणि तिच्या एका बाजूने माणूस चालू शकतो. डोनर आणि चॅसी एकाच वेळी मावत नाहीत, म्हणून डोनर ड्राइव्हवेवर आधी संपवायची आणि चॅसी नंतर मागवायची. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, खोललेली गाडी घरासमोर दोन आठवडे उभी असली की लोक कौन्सिलला फोन करतात.

हत्यारांत काटकसर करायची नाही अशा तीन गोष्टी आहेत. एक चांगला टॉर्क रेंच, आणि त्याहून बरं म्हणजे छोट्या-मोठ्या बोल्टांसाठी दोन. दुसरं, ब्रेकच्या नळीचं टोक फुलवायचं यंत्र. हातात धरायचं स्वस्तातलं घेऊ नका, शिकंज्यात पकडायचं घ्या. तिसरं, वायरची टोकं दाबायची पक्कड. बाकी सगळं जुनं, उधार, भाड्याने चालतं. इंजिन उचलायची क्रेन दोन दिवसांसाठी भाड्याने मिळते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा टाकायचा नाही, खाली स्टँड हवेतच. ही सूचना वडिलांच्या शेडमध्ये एका माणसाचा पंजा गेलेला बघितल्यापासून मी प्रत्येकाला देतो.

चॅसी म्हणजे चौकोनी लोखंडी नळ्यांचा पिंजरा, वर पावडर कोटिंग. त्याला अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने मारायचे. पत्रा आणि नळी यांच्यामध्ये सीलंट भरपूर घाला, दोन धातू ओलसर हवेत थेट भिडले की अॅल्युमिनियमवर बुरशीसारखा पांढरा गंज चढतो. आधी सगळी भोकं पाडून पत्रा तात्पुरत्या पिनांनी लावून बघायचा, मग काढून, कानसीने कडा मारून, सीलंट लावून कायमचा. एका शनिवारात संपेल असं वाटतं. मला पाच लागले.

सस्पेन्शन लावायला सोपं, आणि एक चूक सगळे करतात. विशबोनच्या सांध्यातल्या बुशी रबराच्या असतील तर त्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. हवेत लोंबकळत्या स्थितीत आवळलं, की गाडी खाली ठेवल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी उंच राहते आणि वर्षभरात बुश फाटते. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर आणा, सीटवर तुमच्या आणि सोबत्याच्या वजनाची तांदळाची पोती ठेवा आणि मग आवळा. पॉलियुरेथेनच्या बुशींना हा नियम नाही, त्या फिरतात. आणि सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग या तिन्ही ठिकाणी स्वतःहून न ढिले होणारे नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, आणि तेही नवे. डोनरचे जुने पुन्हा वापरायचे नाहीत. आवळून झाला की नट आणि बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ मारा. तपासनिसाला ती रेघ दिसली की त्याचा चेहरा बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब तुळई असते. गिअरबॉक्सचं मागचं टोक तिच्यावरच तोललेलं असतं, त्याला स्वतःचं माउंटिंग नाही. बहुतेक किटमध्ये ही तुळई वापरत नाहीत. मग गिअरबॉक्सला वेगळा ब्रॅकेट लागतो. तो किटच्या यादीत आहे का, हे मागवतानाच विचारा. माझ्या यादीत नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून, क्रेनला तिरकं टांगून, दोन सीटांमधल्या बोगद्यात अर्धं सरकवल्यावर ते माझ्या ध्यानात आलं. बाहेर पाऊस होता.

ब्रेकच्या नळ्या तांबं-निकेलच्या घ्या. हाताने वळतात, गंजत नाहीत. सरळ रेषेत, चॅसीच्या नळीला धरून, फुटाच्या आतच क्लिप मारत न्या. कुठेही हलणाऱ्या भागाजवळ नको, एक्झॉस्टजवळ नको. सेव्हनमध्ये ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) बसवायला जागा नसते आणि गरजही नसते. एमएक्स-५ टनभर वजनाची, तुमची गाडी सहाशे किलोच्या आसपास, आणि ब्रेक तेच. पेडल मात्र दगडासारखं लागतं. यात एक खोच आहे. तपासणीत मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत, आणि ब्रेकचे नवे पॅड घासून रुळलेले नसतील तर आकडे काहीही येतात. पण गाडी रस्त्यावर नेता येत नाही, मग पॅड रुळवायचे कुठे? मी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खाजगी रस्त्यावर दोनशे मीटर पुढे, दोनशे मीटर मागे असं दीड तास केलं. त्याच्या गाई बघत होत्या.

आता वायरिंग. सगळ्यात जास्त गाड्या इथे अडकतात, आणि तुम्ही सॉफ्टवेअरवाले आहात म्हणून कदाचित इथेच तुमचं बरं चालेल.

डोनरचा वायरींचा जुडगा म्हणजे हाताच्या मनगटाएवढा जाड अजगर. त्यात एअरबॅग, खिडक्या, डिकीचा दिवा, रेडिओचं अँटेना, सगळं आहे, आणि सेव्हनला त्यातलं एक तृतीयांशही लागत नाही. कापण्याचा मोह होतो. कापू नका. आधी तो संपूर्ण जुडगा जमिनीवर गाडीच्या आकारात पसरा, बॅटरी लावा, मेंदूचा डबा (इंजिन चालवणारा संगणक) लावा, दिवे लावा, आणि इंजिन त्याच जुडग्यावर एकदा चालू करून बघा. मग एका वेळी एकच सर्किट काढायचं, काढलं की पुन्हा चावी फिरवून बघायची. बंद पडलं तर शेवटचं काय काढलं ते माहीत असतं. तुमच्या भाषेत प्रत्येक बदलानंतर टेस्ट. मला या कामाला ७१ तास लागले, वहीत लिहिलेत.

आणि अर्थिंग. डोनरच्या दिव्यांना बॅटरीकडून एक वायर येते आणि परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातून जातो. तुमच्या सेव्हनचे मडगार्ड फायबरचे आहेत, चॅसीवर पावडर कोटिंग आहे, आणि दोन्हींतून वीज जात नाही. पहिल्या गाडीला मी सगळं जोडलं, रात्री साडेअकराला मुलीला मागे उभं केलं आणि उजवा इंडिकेटर लावला. ती म्हणाली, "बाबा, लाल दिवा मिचकावतोय. आणि डावा पण थोडा थोडा." ब्रेक दाबला तर इंडिकेटर मंद पेटले. दोन तास मी रिले बदलत बसलो. दोष एवढाच होता की मागच्या सगळ्या दिव्यांची परतीची वायर ज्या एका स्क्रूला बांधली होती, तो स्क्रू रंगावर बसला होता. करंटला घरी जायची वाट नव्हती, म्हणून तो शेजारच्या दिव्यातून जात होता. पॉलिश पेपरने स्क्रूखालचा रंग रुपयाएवढा खरवडला, आणि सगळे दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. तेव्हापासून प्रत्येक दिव्याला मी स्वतंत्र काळी वायर देतो आणि सगळ्या एका पितळी पट्टीवर आणतो.

इंजिन पहिल्यांदा चालू करताना घाई नको. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, स्पार्क प्लग काढा, आणि ऑइलचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. मग प्लग आणि फ्यूज परत लावा. अग्निशामक हाताशी ठेवा, दार उघडं ठेवा. त्या आवाजाबद्दल काही लिहीत नाही, तुमचा तुम्हीच ऐका.

आयव्हीएची पुस्तिका सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. छापून घ्या, गॅरेजच्या भिंतीला लावा. त्यातले लोक अडकतात ते मुद्दे सांगतो. बाहेरच्या अंगाला १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो, तिथली प्रत्येक कडा किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. तपासनिसाकडे खरोखरच गोळा असतो. तुम्हीही त्या मापाचा एखादा बॉल मिळवा आणि गाडीवरून फिरवत बसा. माझ्या मुलीने हे काम मन लावून केलं आणि हेडलाइटच्या ब्रॅकेटची मला न दिसलेली कड तिला सापडली. पत्र्याच्या कडांना यू आकाराची रबरी पट्टी, बोल्टच्या डोक्यांना प्लास्टिकच्या टोप्या. मागचा फॉग लाइट मध्यभागी किंवा ड्रायव्हरच्या बाजूला, आणि ब्रेकच्या दिव्यापासून किमान १०० मिलिमीटर दूर. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवला तर १० टक्के अधिक सव्वासहा मैल इथपर्यंत चालतं. म्हणून थोडा जास्तच दाखवेल असा लावा. आवाज ९९ डेसिबलच्या आत, तोही कमाल शक्तीच्या फेऱ्यांच्या तीन चतुर्थांशावर. साडेसहा हजारांवर कमाल शक्ती देणाऱ्या इंजिनाला हे मिनिटाला साधारण ४,९०० फेरे होतात. सेव्हनचा एक्झॉस्ट बाजूने जातो, त्यामुळे मायक्रोफोन तुमच्या कोपराशीच येतो. जाता जाता: उतरताना पोटरी त्या एक्झॉस्टला टेकते. प्रत्येक सेव्हनवाल्याच्या पायावर तो डाग असतो. हाफ पँट घालू नका.

मी पहिल्यांदा नापास झालो. स्पीडोमीटर, आवाज, कडा सगळं पार पडलं, आणि अडकलो स्टिअरिंगवर. गाडी गोल फिरवून हात सोडले की स्टिअरिंगने आपोआप सरळ व्हायला हवं. माझं वळलेल्या जागीच राहिलं, हट्टी पोरासारखं. एमएक्स-५ चे भाग टनभर वजनाच्या गाडीसाठी आणि बऱ्याचदा पॉवर स्टिअरिंगसाठी आखलेले. मी पॉवरचा पंप काढून टाकला होता आणि पुढचं वजन अर्ध्यावर आलं होतं, त्यामुळे चाकाला सरळ करणारा जोरच उरला नव्हता. उपाय अॅलाइनमेंटमध्ये होता. चाकाचा वरचा सांधा खालच्यापेक्षा थोडा मागे न्यायचा, त्याला कॅस्टर म्हणतात. माझ्या किटमध्ये वरच्या विशबोनच्या दोन्ही बाजूंना वॉशर होते; मागचे काढून पुढे घातले, टायरमध्ये हवा वाढवली, स्टिअरिंग रॅकचं ग्रीस बदललं. एकूण काम दीड तासाचं. फेरतपासणीची तारीख मात्र तीन आठवड्यांनी मिळाली. दुसऱ्या गाडीला हे मी चॅसी उभी राहिली त्याच आठवड्यात करून टाकलं.

तपासणीला गाडी चालवत नेता येते, नोंदणी नसली तरी, तारीख आधी ठरलेली असेल आणि चॅसी नंबरवर विमा काढलेला असेल तर. मी तरीही ट्रेलरवर नेली. पाच-दहा मैलांत काहीतरी सुटलं तर तपासनिसासमोर तोंड दाखवायची लाज. शुल्क साडेचारशे पौंडांच्या आसपास धरा, फेरतपासणीचं वेगळं.

पास झालात की प्रमाणपत्र, पावत्या, फोटो आणि डोनरचे कागद डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याकडे. नवी चॅसी आणि एकाच डोनरचे दोन मोठे भाग वापरल्याचा पुरावा दिला तर डोनरच्या वयाचा नंबर मिळतो (इथल्या नंबरवरून गाडीचं वर्ष कळतं). पुरावा तोकडा पडला तर क्यू अक्षराची, म्हणजे वय नक्की नसलेल्या गाडीची प्लेट. क्यूने गाडी चालते तशीच, पण विकताना भाव पडतो. म्हणून पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती एका फाइलीत.

वेळ आणि पैसा. माझ्या वहीप्रमाणे पहिली गाडी ४३८ तास, एकोणीस महिने. शनिवारची दुपार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. पैसे हत्यारांसकट ८,६०० पौंड. आजच्या भावाने दीडपट धरा, आणि जे बजेट ठरवाल त्यातला तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवा, कारण तो किरकोळीत जातो: क्लिप, ग्रॉमेट, ड्रिल बिट, चुकीच्या मापाचे बोल्ट आणि ते परत करायचं टपाल. घरच्यांना एकोणीस महिने सांगा, वर्ष सांगू नका.

ऑर्डर देण्याआधी किटवाल्याकडे जाऊन तयार गाडीत बसा, आणि जाताना पायात रोजचे बूट असू द्या. सेव्हनच्या पेडलांमध्ये जागा इतकी कमी असते की रुंद बुटाने ब्रेक दाबताना अॅक्सिलरेटरही दाबला जातो. मी गाडी चालवायला पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट वेगळे ठेवलेत.

राहिला पुण्याचा प्रश्न. नेता येणार नाही, निदान रस्त्यावर चालवायला नाही. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे गाडीच्या नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते. त्यातली एक, एआरएआय, तुमच्या पुण्यातच आहे, पण ती सोय कारखानदारांसाठी आहे. एकुलत्या एक घरगुती गाडीसाठी आयव्हीएसारखी वाट नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, तुमच्या गाडीचा तर नंबरच २००० सालचा असणार. आणि मूळ गाडीत कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, ती तुम्हाला आठवत असेल. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्याला २०२२ मध्ये बोलेरो दिली ती याच कारणाने. जीप कौतुकाची होती, पण नियमात बसणारी नव्हती.

तेव्हा गाडी इथेच बांधा, इथेच चालवा, आणि परतताना इथेच विका. माझी पहिली २०१९ मध्ये गेली. घेणाऱ्याने गाडीभोवती दहा मिनिटं घालवली आणि ओट्यावर बसून फाइल चाळण्यात दीड तास. हेडलाइटच्या ब्रॅकेटच्या पानावर मुलीने पेन्सिलने गोळा काढून त्याला डोळे काढले होते. त्याने ते पान दोनदा बघितलं आणि भाव न करता पैसे दिले. फाइल त्याच्याबरोबर गेली. त्या पानाचा फोटो मी आधी काढून ठेवला होता.